‘एकाग्रता वाढवा’ क्लास लावण्याआधी

बडोद्यात मांजलपूरला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत, इंग्रजी माध्यम. घरी मराठी, खाली सोसायटीत गुजराती. टीचरचा निरोप येतो की वर्गात लक्ष नसतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. घरी अर्ध्या तासाच्या गृहपाठाला दोन तास लागतात. पण लेगो घेऊन बसला की तासभर हलत नाही. जवळच अबॅकसचा, म्हणजे मण्यांची पाटी आधी हातात आणि मग डोळ्यांसमोर आणून आकडेमोड करण्याचा, क्लास निघालाय आणि ‘एकाग्रता व स्मरणशक्ती वाढते’ असं पत्रकात छापलंय. क्लास लावावा, की आधी डॉक्टरांना दाखवावं?

अबॅकसचं उत्तर देणं सोपं आहे, कारण नेमका हाच प्रश्न आपल्या बडोद्यातच तपासला गेलाय. डेव्हिड बार्नर, मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका शाळेतली २०४ मुलं घेतली. सुरुवातीला ती ५ ते ७ वर्षांची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला अबॅकस शिकवलं, दुसऱ्याला तेवढाच जादा वेळ नेहमीचं गणित. हे तीन वर्षं चाललं आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत खरोखर पुढे गेली. मात्र कार्यस्मृती, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, होती तिथेच राहिली. उलट ज्यांची चित्र डोक्यात धरण्याची ताकद आधीपासून चांगली होती, त्यांनाच अबॅकस जास्त लाभलं. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर झरझर उत्तरं देणारी मुलं दिसतात ती बरीचशी याच गाळणीतून आलेली असतात. ज्यांना जमत नाही ती दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हललाच सोडून गेलेली असतात.

तेव्हा मुलाला आकड्यांची आवड असेल आणि संध्याकाळी तेवढा वेळ मोकळा असेल तर अबॅकस जरूर शिकवा, पण आकडेमोडीसाठी. लक्षासाठी नको. कॉम्प्युटरवरच्या ‘ब्रेन ट्रेनिंग’ खेळांचीही तीच गत. २०१३ साली मोनिका मेल्बी-लर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी कार्यस्मृतीच्या प्रशिक्षणावरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळासारख्याच चाचण्यांत काही काळ सुधारतात, वाचनात किंवा गणितात त्याचा फायदा उतरत नाही, असं त्यांना आढळलं. २०१६ साली अमेरिकेत लुमोसिटी या कंपनीला अशाच फुगवलेल्या दाव्यांपायी २० लाख डॉलर भरावे लागले. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या क्लासबद्दल तर एवढंच सांगते की पट्टी नाकाच्या कडेला फटीत उघडी राहते आणि मुलाला तिथून दिसतं.

आता मूळ मुद्दा. ‘लक्ष नसतं’ ही तक्रार झाली. तिच्यामागे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. मनाला हातातल्या कामावर ठेवणाऱ्या ज्या क्षमतांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात त्यांत संशोधक साधारण तीन गोष्टी धरतात. पहिली, हातचं सोडून भलतीकडे धावणाऱ्या मनाला आवर घालणं. दुसरी, कार्यस्मृती. तिसरी, एक नियम सोडून दुसऱ्यावर येणं. तिन्ही एकमेकींशी जोडलेल्या, तरी एक चांगली म्हणून दुसरीही चांगली असेलच असं नाही. शिवाय या तिन्हींच्या आधी डोळे, कान, झोप आणि त्या भाषेची ओळख येते. तुमच्या वर्णनावरून यातलं कुठलं आहे हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण शोधायचं कसं ते सांगता येतं, आणि घरच्या तपासणीची सुरुवात त्या ‘फळ्यावरचं अर्धं उतरवतो’पासूनच करायची, कारण तक्रारीतली तेवढी एकच गोष्ट घरी मोजता येते.

फळ्यावरून उतरवणं आपल्याला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात मूल मान वर करतं, फळ्यावर आपली जागा शोधतं, एक तुकडा डोक्यात घेतं, मान खाली घालतं, वहीत जागा शोधतं, तुकडा लिहितं आणि पुन्हा वर बघतं. तुम्ही-आम्ही ‘द काऊ गिव्ह्ज अस मिल्क’ हे सगळं वाक्य एका नजरेत उचलतो, कारण ते आपल्यासाठी ओळखीचे पाच शब्द आहेत. ज्याला इंग्रजी वाचन अजून अक्षरं जोडूनच करावं लागतं, तो एका वेळी दोन-तीन अक्षरं उचलतो. या वाक्यात इंग्रजीत १७ अक्षरं आहेत, म्हणजे त्याच्या सहा ते नऊ खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला ओळ चुकण्याचा धोका, आणि पाचवी ओळ येईपर्यंत टीचरनी फळा पुसलेला. मागच्या बाकावरून बघणाऱ्याला हा मुलगा खिडकीबाहेर बघतोय असं दिसतं. खरं म्हणजे त्यानं चौथ्या ओळीलाच नाद सोडलेला असतो.

घरी असं करा. त्याच्या पुस्तकातल्या पाच ओळी फळ्यावरच्या अक्षरांएवढ्या मोठ्या लिहून समोरच्या भिंतीवर तीन मीटरवर लावा आणि उतरवायला सांगा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कठीण दुसऱ्या पाच ओळी कागदावर लिहून वहीशेजारी ठेवा. दोन्ही वेळा मिनिटं मोजा, चुका मोजा आणि एका ओळीला नजर किती वेळा कागदाकडे जाते तेही मोजा. भिंतीवरचं बिघडलं आणि शेजारचं नीट आलं, तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही हळू, आणि त्याच ओळी मोठ्यानं वाचतानाही अडखळतो, तर प्रश्न वाचनाचा आहे, आणि मग रोज दहा मिनिटं शेजारी बसून मोठ्यानं वाचन करवणं कुठल्याही क्लासपेक्षा उपयोगी. वाचतो घडाघड पण लिहिताना बोटं दुखतात, पेन्सिल कागदात रुतते, तर अडचण हाताची. सगळंच ठीक येतं आणि फक्त वर्गातच होत नाही, तर जागा, शेजारी आणि आवाज बघायचे. बऱ्याचदा दोन कारणं एकत्र निघतात, तेव्हा पहिलं सापडल्यावर थांबू नका.

कार्यस्मृतीचा अंदाज तोंडी सूचनांवरून येतो. मराठीत, एकदाच, नेहमीच्या आवाजात सांगा: ‘दप्तर कोपऱ्यात ठेव, हात धू, आणि डायरी घेऊन ये.’ आठवडाभर रोज वेगळ्या तीन कामांची सूचना द्या आणि काय गळतं ते कॅलेंडरवर लिहा. कधी पहिलं, कधी दुसरं, कधी काहीच नाही असं असेल तर तो ऐकत नव्हता. रोज शेवटचंच गळत असेल, किंवा हात धुऊन मधेच ‘आई, आणि काय?’ म्हणून उभा राहत असेल, तर ऐकलं होतं, पण टिकलं नाही. या वयाची मुलं साधारणपणे पाच सुटे आकडे ऐकून तसेच म्हणू शकतात आणि उलटे म्हणायचे तर जेमतेम तीन. त्यामुळे ‘पान १४, दुसरा प्रश्न, फक्त सम नंबरची उदाहरणं, मार्जिन सोडून’ ही सूचना अनेक मुलांच्या आवाक्याबाहेरचीच असते. इंग्रजीत दिली तर आणखी, कारण शब्द समजून घेण्यातच निम्मी जागा खर्च होते.

यावर उपाय स्मरणशक्ती वाढवण्याचा नाही, धरून ठेवायचं ओझं कमी करण्याचा आहे. सूचना दोनांपेक्षा जास्त नकोत, आणि सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ न विचारता ‘काय काय करायचंय?’ असं विचारा. समजलं का म्हटलं की प्रत्येक मूल हो म्हणतं. रोजच्या कामांची चिठ्ठी दाराला चिकटवा, चित्रांची असली तरी चालेल. उतरवताना ओळीखाली पट्टी ठेवायला शिकवा, आणि अक्षर-अक्षर न उचलता शब्द एकदा पुटपुटून पूर्ण लिहायला लावा. हे रोज पाच ओळींवर करा. दोन-तीन आठवड्यांत नजरेच्या खेपा कमी झाल्या तर रस्ता बरोबर आहे.

लेगोचं कोडं प्रत्येक पालक विचारतो, आणि आजोबा ‘मुद्दाम करतो’ असा निकालही देऊन टाकतात. लेगोत पुढची पायरी समोर दिसत असते. बसलं की खट्ट आवाज येतो, चुकलं की लगेच कळतं, आणि आतापर्यंत काय झालं ते डोक्यात धरावं लागत नाही कारण ते जमिनीवर उभं असतं. गृहपाठात यातलं काहीच नाही. योजना डोक्यात, निकाल उद्या, चूक झाली ते टीचरनी सांगेपर्यंत कळत नाही. म्हणून लेगोवर तासभर बसणं हा मुलगा आळशी असल्याचा पुरावा नाही. आणि इथे उलटंही लक्षात ठेवा, त्याला लक्षाचा आजार नसल्याचाही तो पुरावा नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा हा आजार, असलेली मुलंही आवडत्या गोष्टीत तासन्‌तास बुडतात. मोबाइलवर बसतो म्हणून लक्ष चांगलं, हा हिशेब तर सोडूनच द्या. तिथे लक्ष मुलगा देत नसतो, दर दोन सेकंदांनी हलणारं चित्र ते ओढून घेत असतं.

लेगोवरून उठवणं हा तिसऱ्या क्षमतेचा, नियम बदलण्याचा प्रश्न. फिलिप झेलाझो यांची पत्त्यांची चाचणी प्रसिद्ध आहे. आधी रंगावरून पत्ते लावायचे, मग आकारावरून. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडानं बरोबर सांगतं आणि हातानं मात्र रंगावरूनच लावत राहतं. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना जमतं, पण बदलाची किंमत मोठेपणीही मोजावी लागतेच. साडेसात वर्षांच्या मुलाला अर्धा बांधलेला किल्ला मोडून वही उघडायला लावली की भांडण ठरलेलं. एक मोठं ताट किंवा जुना ट्रे घ्या, लेगो त्याच्यावरच खेळू द्या. वेळ झाली की ट्रे तसाच उचलून कपाटावर ठेवायचा, मोडायचा नाही. पाच मिनिटं आधी सांगा, लांबून ओरडून नव्हे, जवळ जाऊन खांद्याला हात लावून. नुसत्या ट्रेनं निम्मी रडारड कमी होते.

आता गृहपाठाचे दोन तास. शाळेतून आल्यावर खाणं, मग वीस मिनिटं खाली पळणं, आणि मग वही, हा क्रम ठेवा. चार्ल्स हिलमन यांच्या गटानं २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवून लक्षाची चाचणी घेतली, तेव्हा नुसतं बसून राहिल्यानंतरच्यापेक्षा अचूकता वाढलेली दिसली. प्रयोग छोटा होता, परिणामही थोड्या वेळापुरता. पण आपल्याला तेवढाच वेळ हवाय आणि यात खर्च काहीच नाही. पळून आल्यावर मात्र टीव्ही मध्ये आणू नका, तो क्रम मोडला की सगळं मोडलं.

एका बैठकीची लांबी किती? ‘वयाला दोननं किंवा तीननं गुणा’ असं सूत्र जिकडेतिकडे फिरतंय, त्याला भक्कम आधार नाही. तीन दिवस नुसतं बघा, घड्याळ लावून. वही उघडल्यावर कितव्या मिनिटाला तो पहिल्यांदा उठतो, पेन्सिल चावतो किंवा शार्पनर शोधायला लागतो? समजा, दहाव्या. मग बैठक आठ मिनिटांची ठेवा, तो सुटायच्या आत आपणच थांबवायचं. तीन मिनिटं पाणी, उड्या, काहीही, पण पडदा नको. मग पुन्हा आठ. आठवडा नीट गेला की दोन मिनिटं वाढवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पहिल्या चांगल्या दिवशी हुरूप येऊन ‘आता एवढं संपवूनच टाक’ म्हणणं. तिसऱ्या दिवशी गाडी मूळ पदावर.

सुरुवातच होत नसेल तर ‘जर-तर’चं वाक्य ठरवा. ‘अभ्यास नीट करायचा’ हा संकल्प मुलाच्या काही कामाचा नाही. ‘टायमर वाजला की मी तारीख लिहिणार’ हे वाक्य कामाचं, कारण त्यात खूणही आहे आणि पहिली हालचालही. पीटर गॉलवित्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलंय आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरही ती तपासली गेलीय. वाक्य मुलाच्या तोंडून वदवून घ्या, तुमच्या नाही.

टेबलावर वही, पेन्सिल, खोडरबर, बस. समोरची भिंत मोकळी ठेवा. तक्ते, स्टिकर, पाढ्यांचे पोस्टर आपण हौसेनं लावतो. २०१४ साली ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांना कधी सजवलेल्या, कधी मोकळ्या वर्गात शिकवून पाहिलं. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि नंतरच्या चाचणीत ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, मोकळ्या वर्गात ५५ टक्के. दोन खोल्यांच्या घरात शेजारी बातम्यांचा चॅनल चालू असेल तर आजोबांना हेडफोन घेऊन देणं ही मला अबॅकसच्या फीपेक्षा चांगली गुंतवणूक वाटते.

आवर घालण्याबद्दल एकच सांगते. मार्शमॅलोचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: समोरची एक गोळी लगेच न खाता थांबलं तर दोन मिळणार, आणि थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं म्हणे. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या गटावर तो पुन्हा तपासला. तेव्हा संबंध मूळच्यापेक्षा निम्मा निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी बराच कमी झाला. त्याहून उपयोगी प्रयोग सेलेस्ट किड यांचा, २०१३चा. त्यात काही मुलांना मोठ्या माणसानं आधी दिलेला शब्द पाळला होता, काहींना फसवलं होतं. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली तीन. रविवारी कमाटी बागेत नेतो म्हणून दोनदा न नेलेल्या मुलानं ‘आधी अभ्यास, मग खेळ’ यावर विश्वास का ठेवावा? तेव्हा बक्षीस छोटं, त्याच संध्याकाळचं, आणि तुमच्या हातात असलेलंच कबूल करा. ‘कावळा उड, चिमणी उड, म्हैस उड’, स्टॅच्यू हे खेळ आवर घालण्याचेच आहेत. रोज खेळा, मजा येते. त्यातून गणिताचे मार्क वाढतील असं मात्र मी म्हणणार नाही.

घरी तीन भाषा आहेत म्हणून गोंधळतोय का, असंही विचारलं जातं. नाही. अनेक भाषांमुळे लक्ष सुधारतं हा उलटा दावाही तेवढाच कच्चा. २०१९ साली अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर मुलांची तपासणी झाली, त्यात द्विभाषिक मुलांना असा काही विशेष फायदा दिसला नाही. मराठी बंद करू नका.

शरीराकडे बघणं शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी. डोळे आणि कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि ते कुणाला कळत नाही. हिमोग्लोबिन बघा. सहा ते बारा वयाला रात्री ९ ते १२ तास झोप हवी. साडेसहाची स्कूल व्हॅन असेल तर साडेआठ-नऊला दिवा बंद. नवरात्रात गरब्याहून साडेबाराला परतलेल्या मुलाचं त्या दहा दिवसांतलं लक्ष मोजूच नका, आणि त्या दिवसांतल्या तक्रारीवरून काही ठरवूही नका. रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या ॲडेनॉइडमुळे, म्हणजे नाकामागच्या गाठीमुळे, झोप तुटते आणि दिवसा ते मूल मरगळलेलं न दिसता उलट चुळबुळं दिसतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? एडीएचडीच्या निदानाला लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि त्यामुळे रोजच्या कामात खरी अडचण यावी लागते. नऊ लक्षणांच्या यादीतली सहा तरी हवीत. जगभरात साधारण पाच टक्के मुलांत हा आजार आढळतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन. तुमच्याकडे घर आणि शाळा दोन्हीकडून तक्रार आहे, त्यामुळे वरचं सगळं दीड-दोन महिने करून फरक पडला नाही तर दाखवाच. तो रस्त्यावर धावत सुटत असेल, वारंवार पडत-लागत असेल, किंवा ‘मी ढ आहे’ म्हणायला लागला असेल तर दोन महिनेही थांबू नका. जन्मतारीखही डॉक्टरांना सांगा. शाळाप्रवेशाची तारीख १ जून धरली तर मे महिन्यात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान असतं. अशा मुलांना हे निदान जास्त प्रमाणात मिळतं असं अनेक देशांत दिसलंय.

सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी सुचवलेल्या ठिकाणी जाताना उतरवण्याच्या त्या दोन्ही चाचण्यांचे कागद, सूचनांचं कॅलेंडर, शाळेच्या दोन वह्या (एक जूनची, एक आत्ताची) आणि डोळे-कानांचे रिपोर्ट बरोबर न्या. टीचरकडून ‘लक्ष नसतं’ एवढंच लिहून आणू नका. कुठल्या तासाला, कोणत्या कामात, सुरुवातीला की शेवटी, शेजारी कोण असताना, एवढं विचारा. डॉक्टर शाळेसाठी एक प्रश्नावली देतील, ती रोज शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेकडूनच भरून घ्या. ट्यूशनच्या ताईंकडून नको, तिथे समोर तीनच मुलं असतात.